दुखण्याचा आलेख रोग्याच्या हातीं

(नभोवाणीवरील भाषण)



जुनाट दुखणें हें घरीं येऊन कायमच्या मुक्कामास राहिलेल्या पाहुण्यासारखें असतें. ताप येतो आणि जातो; पडसें, हगवण, खरूज ह्यांचेंही तसेंच. मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात ह्या विकारांची जात मात्र निराळी आहे. औषधानें ते आटोक्यांत राहतात. बहुधा घर सोडून जात नाहींत. ज्याच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षें एका छपराखालीं काढावयाचीं, त्याचा स्वभाव, त्याच्या वेळा, त्याचे रुसवे-फुगवे माहीत करून घेणें शहाणपणाचें. ही ओळख करून देणारें एक साधन अलीकडे रोग्याच्या हातीं आलें आहे. तें साधन म्हणजे आलेख. आणि तोही कागदावर निश्चल पडून राहणारा नव्हे, तर मोबाइलच्या कांचेवर बोट लावतांच उत्तर देणारा. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मी पडलों शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, वैद्यकाचा अधिकार मुळींच नाहीं. परंतु फळ्यावर चौकटी आंखून मुलांना आलेख काढावयास शिकविण्यांत उमर गेली. तेव्हां कोणत्या विकारावर कोणती गोळी घ्यावी, ह्या वाटेस मी जाणार नाहीं. आलेख कसा वाचावा, त्यापासून काय शिकावें आणि कोठें सावध राहावें, एवढीच माझी मर्यादा.

हा विषय दूरदेशचा नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें भारतांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. म्हणजे प्रौढांत शेंकडा ११.४. वाढलेल्या रक्तदाबाचें प्रमाण तर शेंकडा ३५.५, म्हणजे दर तीन प्रौढांमागें एकाहून थोडें अधिक. आतां आमची भिवंडी घ्या. धामणकर नाक्यावरून कोणत्याही दिशेस थोडें चाललें कीं यंत्रमागांचा खडखडाट कानीं पडतो. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. रात्रपाळीचा माणूस उजाडल्यावर निजतो आणि दिवस कलल्यावर उठतो. त्याला "सकाळीं उपाशीं पोटीं" रक्त तपासावयास सांगितलें, तर त्याची सकाळ कोणती, हाच पहिला प्रश्न! त्याच्या साखरेचें आणि रक्तदाबाचें घड्याळ आपल्या भिंतीवरच्या घड्याळाशीं जुळेलच असें नाहीं.

बरें, ज्यांची झोप-जाग वेळेवर आहे अशा घरांतली तरी स्थिति काय? डॉक्टरांपुढें बसलें कीं प्लास्टिकची पिशवी उघडावयाची, घड्या पडलेले रिपोर्ट बाहेर काढावयाचे. नेमका मार्च महिन्याचा सांपडत नाहीं. बाहेर पंधरा माणसें खोळंबलेलीं. डॉक्टर वरचा एक कागद पाहतात, एक आंकडा वाचतात आणि त्यावरून काय तें ठरवितात. घरांत चाळीस कागद असून उपयोगांत येतो एकच. आंकडे भरपूर आहेत. परंतु ते एका नजरेंत येत नाहींत, हें खरें दुखणें.

आंकड्यांना एका नजरेंत आणण्याची युक्ति तशी जुनी आहे. १७८६ सालीं विल्यम प्लेफेअर नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आंकडे कोष्टकांत न देतां रेषांनीं काढून दाखविले. आडव्या दिशेस काळ, उभ्या दिशेस रक्कम. कोष्टक वाचावें लागतें, रेघ दिसते. हा फरक लहान वाटतो, परंतु आमच्या वर्गांतल्या ढ समजल्या जाणाऱ्या मुलालाही रेघ चढते आहे कीं उतरते आहे हें सांगतां येत असे.

ही रेघ वैद्यकांत आली ती तापाच्या निमित्तानें. जर्मनींतील लाइप्झिग येथील कार्ल वुंडर्लिख ह्या वैद्यानें सुमारें पंचवीस हजार रोग्यांचें तापमान नोंदवून १८६८ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या रोगांत तापाची रेघ निरनिराळ्या तऱ्हेनें चढते-उतरते, हें त्यानें दाखविलें. विषमज्वर पायरी-पायरीनें चढतो, हिंवताप एकदम उसळी मारून घामाबरोबर खालीं येतो. तेव्हांपासून रुग्णालयांत प्रत्येक खाटेच्या पायथ्याशीं तापाचा तक्ता टांगण्याची पद्धति पडली. आपणांपैकीं पुष्कळांनीं तो पाहिला असेल. परंतु तो कोठें टांगलेला असे, हें लक्षांत घ्या: खाटेच्या पायथ्याशीं, आणि तोंड डॉक्टरांकडे करून. ताप रोग्याचा, पण रेघ डॉक्टरांची.

चार-आठ दिवसांच्या तापाला ही व्यवस्था पुरेशी होती. पंचवीस वर्षांच्या मधुमेहाला ती पुरत नाहीं; कारण मधुमेही माणूस खाटेवर नसतो. तो कचेरींत असतो, मागावर असतो, लग्नाच्या पंगतींत असतो. त्याच्या पायथ्याशीं तक्ता टांगणार कोण? त्यानें तो स्वतःच हातीं घेतला पाहिजे.

असें प्रथम ज्यांनीं केलें त्यांत अमेरिकेंतील रिचर्ड बर्नस्टाइन ह्यांचें नांव घ्यावें लागेल. १९४६ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, त्यांना मधुमेह जडला. पुढें ते इंजिनिअर झाले. १९६९ सालीं रक्तांतील साखर मोजणाऱ्या एका नव्या यंत्राची जाहिरात त्यांनीं पाहिली. यंत्र सुमारें तीन पौंड वजनाचें, आणि विकावयाचें तें फक्त डॉक्टरांना व रुग्णालयांना, रोग्याला नव्हे. बर्नस्टाइन ह्यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नांवावर त्यांनीं यंत्र मागविलें. मग दिवसांतून अनेक वेळां रक्त मोजून त्यांनीं नोंदी ठेवल्या. कोणत्या घांसानें साखर किती चढते, किती इन्शुलीननें किती उतरते, हें एखाद्या कारखान्यांतील यंत्राची तपासणी करावी तसें त्यांनीं आपल्याच देहाविषयीं शोधून काढलें. त्यांचे लेख वैद्यकीय नियतकालिकांनीं परत केले. तेव्हां हे गृहस्थ वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षीं वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि रीतसर डॉक्टर होऊन बाहेर पडले. २०२५ सालीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, ते निवर्तले. बालपणीं मधुमेह जडलेल्या त्यांच्या पिढींत इतकें आयुष्य क्वचितच कोणास लाभलें.

एका माणसाच्या अनुभवावरून नियम ठरत नाहीं, असें कोणी म्हणेल. आणि तें बरोबरच आहे. परंतु १९९३ सालीं अमेरिका व कॅनडा येथील १४४१ रोग्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल जाहीर झाला. ज्यांनीं दिवसांतून अनेक वेळां साखर मोजून त्याप्रमाणें इन्शुलीन बेतलें, त्यांच्यापैकीं ज्यांचे डोळे आरंभीं निरोगी होते त्यांना नेत्रविकार जडण्याचा धोका सुमारें तीन-चतुर्थांशांनीं घटला. मोजणें हा छंद नसून तो दृष्टि वांचविण्याचा मार्ग आहे, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

मोजणीनंतरचें पाऊल म्हणजे मोजलेलें इंटरनेटवर आलेखाच्या रूपानें पाहणें. स्टीफन हेवुड नांवाच्या तरुण अमेरिकन गृहस्थाला १९९८ सालीं स्नायूंना दुर्बळ करीत नेणारा एक असाध्य मज्जाविकार जडला. त्याच्या भावांनीं व एका मित्रानें २००४ सालीं असें एक स्थळ निर्माण केलें कीं तेथें प्रत्येक रोग्यानें आपली शक्ति, आपलीं औषधें, आपलीं लक्षणें नोंदवावीं. आणि त्या नोंदींचे आलेख स्वतः पाहावे, समदुःखितांनाही दाखवावे. २००८ सालीं इटलींतील एका लहान प्रयोगावरून अशी आशा उत्पन्न झाली कीं लिथियम ह्या औषधानें हा रोग मंदावतो. कित्येक रोग्यांनीं तें घेण्यास प्रारंभ केला. तेव्हां तें घेणाऱ्या १४९ रोग्यांचे आलेख त्यांच्यासारखीच पूर्वस्थिति असलेल्या परंतु तें न घेणाऱ्या रोग्यांच्या आलेखांशेजारीं ठेवून पाहण्यांत आले. २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन्ही रेघा सारख्याच उतरत होत्या, औषधाचा गुण नव्हता. आशा मावळली हें खरें. परंतु निष्फळ औषधाच्या त्रासांतून पुढचे रोगी सुटले, हेंही खरें.

दुसरी हकीकत २०१३ सालची. जॉन कॉस्टिक नांवाच्या अमेरिकन गृहस्थाच्या लहान मुलाला मधुमेह होता. मुलाच्या अंगावर सतत साखर मोजणारें यंत्र होतें. पण त्याचा आंकडा जवळच्या छोट्या डबींतच दिसे. मुलगा शाळेंत, बाप कामावर. मध्येंच साखर एकाएकीं उतरली तर? त्या पित्यानें स्वतः सॉफ्टवेअर लिहून तो आंकडा इंटरनेटवर आणला. मधुमेही मुलाच्या दुसऱ्या एका पित्यानें त्याला आलेखाचें रूप दिलें. "नाइटस्काउट" ह्या नांवानें तें साधन पुढें सर्वांस विनामूल्य मिळूं लागलें.

आतां हा बोलका आलेख करतो काय, तें पाहूं. प्रत्येक मोजणीबरोबर दोन गोष्टी नोंदल्या जातात: आंकडा आणि वेळ. अशा जोड्यांची एक लांबलचक यादी मोबाइलमध्यें किंवा दूरच्या संगणकांत सांठते. पडद्यावरचा बिंदु म्हणजे त्या यादींतील एक ओळ. आपण बोट लावलें कीं यंत्र सर्वांत जवळचा बिंदु शोधतें आणि त्याची मूळ ओळ उघडून दाखवितें: मंगळवार, दुपारीं तीन, साखर २१०, जेवणानंतर. दोन बोटें फांकविलीं कीं महिन्याचा आठवडा होतो आणि आठवड्याचा दिवस. कागदी आलेखांत हें शक्य नव्हतें. तेथें एकदां आंखलेलें प्रमाण कायमचें.

याहून उपयुक्त करामत म्हणजे दिवसावर दिवस ठेवणें. दंडावर चिकटविण्याची साखरमापक चकती आतां आपल्याकडेही मिळते. तिचा केसासारखा तंतु कातडीखालच्या द्रवांतील साखर मोजतो. दर पांच मिनिटांस एक मोजणी धरली तर दिवसाच्या २८८ होतात. चौदा दिवसांच्या चार हजारांवर! हा ढीग कोणी वाचावा? तेव्हां यंत्र चौदा दिवसांचे चौदा पारदर्शक कागद जणूं एकावर एक ठेवतें आणि सकाळच्या आठच्या चौदा आंकड्यांतून मधला आंकडा काढतें. नऊच्या आंकड्यांतून मधला. असें चोवीस तास. त्या मधल्या आंकड्यांना जोडणारी रेघ म्हणजे त्या माणसाचा नेहमींचा दिवस. रोज पहाटे तीनला साखर खालीं जाते कीं रोज न्याहारीनंतर डोंगर उभा राहतो, हें त्या एका रेघेंत दिसतें. रात्रपाळीच्या कामगाराचा डोंगर मध्यरात्रीं दिसेल. आणि तो तसा दिसल्यावर डॉक्टरही त्याच्या गोळीची वेळ त्याच्या दिवसाप्रमाणें ठरवूं शकतील.

एकट्या आंकड्यावर किती विसंबावें, ह्याचा एक सुंदर दाखला आपल्या पुण्याचा आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांनीं २००४ सालीं "लॅन्सेट" ह्या नियतकालिकांत स्वतःचींच छायाचित्रें छापलीं. उंचीच्या मानानें वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही २२.३, अगदीं एकच. परंतु अंगांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन ह्यांची शेंकडा ९.१ आणि याज्ञिक ह्यांची शेंकडा २१.२ भरली. भारतीय देह दिसावयास सडपातळ असूनही आंतून मधुमेहास अनुकूल कसा असूं शकतो, हें त्या जोडचित्रानें जगाला कळलें. एकच आंकडा, आणि आंत दोन निराळ्या कथा!

सरासरीचेंही असेंच आहे. एका माणसाच्या चार मोजण्या १२०, १२५, ११५, १२० अशा आल्या. दुसऱ्याच्या ६०, १८०, ७०, १७० अशा. दोघांचीही बेरीज ४८०, सरासरी १२०. कागदावर दोघे जुळे भाऊ. परंतु दुसरा गृहस्थ दिवसांतून एकदां चक्कर येऊन पडण्याच्या बेतास पोहोंचतो. तीन महिन्यांच्या साखरेची जी रक्ततपासणी डॉक्टर करावयास सांगतात, ती फार मोलाची आहे. तांबड्या रक्तपेशी सुमारें १२० दिवस जगतात आणि तितक्या काळांतील साखरेची खूण अंगावर वागवितात, ह्या तत्त्वावर ती उभी आहे. तथापि तीही एका परीनें सरासरीच; चढ-उतार तिच्यांत दिसत नाहींत. म्हणून २०१९ सालीं निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनीं एक नवें माप सुचविलें. आलेखावर ७० ते १८० असा एक पट्टा आंखावा, आणि रेघ दिवसाचा किती वेळ त्या पट्ट्यांत राहते तें मोजावें. बहुतेक प्रौढ मधुमेह्यांनीं शेंकडा ७० हून अधिक वेळ, म्हणजे चोवीस तासांपैकीं सुमारें सतरा तास, पट्ट्यांत राहावें. आणि ७० च्या खालीं शेंकडा ४ हून कमी, म्हणजे तासाभराच्या आंत. वृद्ध व दुर्बळ माणसांस सवलत आहे: पट्ट्यांत निम्म्याहून अधिक वेळ पुरे, परंतु ७० च्या खालीं शेंकडा १ हून कमी, म्हणजे जेमतेम पाव तास. म्हातारपणीं चढलेल्या साखरेपेक्षां उतरलेली साखर अधिक भयंकर, हें त्यांतील मर्म होय. आजोबांची साखर अगदीं तंतोतंत हवी असा आग्रह धरणाऱ्या प्रेमळ मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें.

रक्तदाबाविषयीं एक हिशेब करूं. समजा, एक गृहस्थ दवाखान्यांत गेले. वरचा आंकडा १२८ आला. "उत्तम आहे" म्हणून ते परतले. पुढें घरीं सात दिवस मोजलें, तर प्रत्येक दिवसाची सरासरी अनुक्रमें १५२, १४२, १३८, १४६, १४०, १३६, १४४ आली. पहिला दिवस नवखेपणाचा म्हणून सोडून द्यावा, असा संकेत आहे. उरलेल्या सहांची बेरीज ८४६, सरासरी १४१. घरच्या मोजणींत वरचा आंकडा १३५ किंवा खालचा ८५ ओलांडला तर तो वाढलेला समजतात. म्हणजे दवाखान्यांत शांत दिसणारा हा रक्तदाब घरीं चढलेला होता. याच्या उलटही होतें: डॉक्टरांचा पांढरा कोट पाहतांच कित्येकांचा आंकडा चढतो आणि घरीं तो नीट असतो. पहिल्याला औषध मिळत नाहीं, दुसऱ्याला नको असतांना मिळतें. दोघांचाही न्याय घरच्या आलेखानेंच होतो.

मात्र मोजणी शिस्तीची हवी. पांच मिनिटें स्वस्थ बसावें. पाठ टेकलेली, पावलें जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर टेकलेला. मोजतांना बोलूं नये. त्यापूर्वीं अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य. एका मिनिटाच्या अंतरानें दोनदां मोजावें. सकाळीं गोळी घेण्यापूर्वीं आणि पुन्हां रात्रीं. आणि जो आंकडा येईल तो लिहावा. आवडेल तो नव्हे.

आलेखाच्या फसवणुकीही सांगितल्या पाहिजेत. पहिली प्रमाणाची. उभी मोजपट्टी १२८ पासून १३८ पर्यंतच घेतली तर १३० आणि १३६ ह्यांमधील क्षुल्लक फरक सह्याद्रीच्या कड्यासारखा दिसतो. शून्यापासून २०० पर्यंत घेतली तर तोच फरक नाहींसा होतो. म्हणून पडद्यावर पाहतांना प्रथम डाव्या बाजूचे आंकडे वाचा, मग रेघ पाहा. दुसरी फसवणूक रिकाम्या जागेची. दिवाळींत करंज्या-लाडू पोटांत गेले कीं कित्येकजण साखर मोजतच नाहींत! यंत्र बिचारें दिवाळीपूर्वींचा बिंदु आणि नंतरचा बिंदु ह्यांना सरळ रेघेनें जोडून टाकतें, आणि पाहणारास वाटतें कीं सण मोठ्या संयमानें पार पडला. जेथें बिंदु नाहीं तेथें रेघेवर विश्वास ठेवूं नका. तिसरी फसवणूक कारणाची. अमुक काढा सुरू केला आणि साखर उतरली, म्हणून काढ्यानेंच उतरली असें ठरत नाहीं. त्याच आठवड्यांत चालणें वाढलें असेल. लिथियमची हकीकत ह्याच कारणासाठीं मीं सांगितली.

रिकाम्या बिंदूचें महत्त्व ओळखून महाराष्ट्रांत जें काम झालें तें येथें सांगितलें पाहिजे. उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणासाठीं २०१७ सालीं देशांत एक उपक्रम सुरू झाला. पहिल्या पांच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा ह्या जिल्ह्यांनीं आरंभ केला. ठराविक औषधांचा ठराविक क्रम, त्या औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या केंद्रांत तपासणी, आणि नोंद. ह्या नोंदीसाठीं "सिंपल" नांवाचें मोबाइलचें साधन वापरांत आलें. रोग्याला एक कार्ड मिळतें. त्यावरील चौकोनी खूण परिचारिकेनें मोबाइलनें टिपली कीं त्याच्या मागील नोंदी समोर येतात. त्यांतील सर्वांत उपयोगी यादी कोणाची? जे आले नाहींत त्यांची. ठरलेल्या दिवशीं न आलेल्यांचीं नांवें निघतात आणि त्यांना दूरध्वनि केला जातो. किती रोग्यांचा रक्तदाब १४०/९० च्या खालीं आला, ह्याचा आलेख त्या केंद्रालाही पाहावयास मिळतो. २०२२ सालीं ह्या उपक्रमास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. रक्तदाबाच्या दुखण्याची मोठी खोड ही कीं तें दुखतच नाहीं. बरें वाटतें म्हणून माणूस गोळी सोडतो, आणि एके दिवशीं अर्धांगाचा झटका येतो. त्याला हटकणारी वेदना नसते; तें काम आलेखावरच्या रिकाम्या जागेला करावें लागतें.

कोणी म्हणतील, "मास्तर, रोज उठून आंकडे पाहिल्यानें माणूस चिंतेनेंच आजारी पडेल." ह्या आक्षेपांत तथ्य आहे. दर तासाला मोबाइल पाहणारे लोक मीं पाहिले आहेत. त्यांना माझें सांगणें एवढेंच कीं बी पेरल्यावर रोज उकरून पाहावयाचें नसतें. मोजावें तें डॉक्टरांनीं सांगितलेल्या वेळीं, आणि रेघ वाचावी ती आठवड्यांतून एकदां. याला अपवाद दोन. साखर ७० च्या खालीं गेली, अथवा घाम, कांपरें, गोंधळल्यासारखें होऊं लागलें, तर शुद्धीवर असलेल्या माणसानें तत्काळ तीन चमचे साखर पाण्यांतून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावें. आणि छातींत कळ आली, तोंड वांकडें झालें, एक हात लुळा पडला, तर आलेख बाजूस ठेवून रुग्णालय गांठावें. गोळीची मात्रा आलेख पाहून आपली आपण बदलणें हें तर मुळींच नको. रेघ प्रश्न उपस्थित करते. उत्तर डॉक्टरांनीं द्यावयाचें.

आणखी एक काळजी. हे आंकडे म्हणजे आपल्या देहाची खासगी वही होय. २०२१ सालीं केंद्र सरकारनें आरोग्यविषयक नोंदींसाठीं चौदा आंकडी क्रमांकाची योजना देशभर लागू केली. तींत रोग्याच्या संमतीनेंच नोंदी दाखविण्याचें तत्त्व आहे. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. परंतु कायदा कितीही चांगला असला तरी संमतीचें बटण दाबणारें बोट आपलेंच असतें. फुकट मिळणारें प्रत्येक साधन घरांत घेण्यापूर्वीं तें आपली माहिती कोठें ठेवतें, कोणास देतें, आणि आपण सोडून गेलों तर ती पुसतें कीं नाहीं, एवढें सुशिक्षित घरानें वाचून पाहावें.

ज्यांच्यापाशीं असा मोबाइल नाहीं त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. मुलांच्या दप्तरांतील चौकटीची वही आणा. आडव्या ओळींत एक चौकट म्हणजे एक दिवस. उभ्या ओळींत एक चौकट म्हणजे दहा. १३५ व ८५ ह्या उंचींवर लाल पेन्सिलीनें दोन रेघा आंखा. रोज दोन बिंदु द्या. ज्या दिवशीं गोळी चुकली तेथें फुली करा. पाहुणचार झाला, झोप मोडली, पाळी बदलली, तर खालीं दोन शब्द लिहा. महिन्यानें तें एक पान डॉक्टरांपुढें ठेवा. पिशवींतले चाळीस कागद जें सांगूं शकले नाहींत तें तें पान क्षणांत सांगेल. आणि फुल्या कोठें पडल्या आहेत हें डॉक्टरांच्या आधीं आपणांसच दिसेल.

ज्या घरांत मोबाइल आहे तेथें हें काम नातवंडांकडे सोंपवावें. शाळेंत शिकलेला आलेख परीक्षेनंतर कशाला उपयोगी पडतो, असें मुलें मला नेहमीं विचारीत. आजीच्या रक्तदाबाची रेघ जी नात दर रविवारीं काढून दाखवील, तिला त्या प्रश्नाचें उत्तर मिळेल. आणि आजीलाही, गोळी का चुकवावयाची नाहीं, हें तिच्याच तोंडून कळेल.